दगडावरची रेघ

अजिंठ्याला वाघूर नदीच्या नालाकृती वळणावर, आज ज्याला २६ क्रमांकाचं लेणं म्हणतात ते खोदलं जात होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. म्हणजे इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. गोष्टीतली माणसं कल्पनेतली आहेत, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत. जागा मात्र खरी आहे, आणि ज्या ग्रंथांच्या आधाराने ही माणसं बोलतात ते ग्रंथही खरे आहेत.

पाऊस लागला होता. भिक्षूंनी पावसाळ्याचे तीन महिने एकाच जागी राहायचं, हा वर्षावासाचा नियम. त्या वर्षी कोकणातल्या एका विहारातून एक तरुण भिक्षू अजिंठ्याला आला. बुद्धीने तल्लख होता. बौद्ध आचार्य वसुबंधूचा अभिधर्मकोश त्याने भाष्यासकट अभ्यासला होता आणि वादात तो सहसा हरत नसे. संघाने त्याच्याकडे एका वृद्ध स्थविरांची सेवा सोपवली.

हे स्थविर भाणक होते. बुद्धवचनं पाठ करायची, संघापुढे म्हणायची आणि पुढच्या पिढीच्या तोंडी बसवायची, हे भाणकाचं काम. बुद्धाचे उपदेश कित्येक शतकं अशाच माणसांच्या जिभेवर टिकून राहिले. कार्ल्याच्या चैत्यगृहात एका खांबावर सोपाऱ्याच्या एका भाणकाचं नाव दाता म्हणून कोरलेलं आजही आहे. पुढे पोथ्या लिहिल्या गेल्या, तरी ही परंपरा थांबली नाही. पाचव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेल्या फाहियान या चिनी भिक्षूला विनयाच्या, म्हणजे भिक्षूंच्या आचाराच्या, नियमांची प्रत हवी होती. उत्तरेकडे हे नियम गुरूच्या तोंडून शिष्याकडे जात होते, उतरवून घ्यायला पोथीच मिळेना, असं त्याने नोंदवलं आहे.

आमच्या गोष्टीतल्या स्थविरांना एके काळी अख्खा दीर्घागम, म्हणजे बुद्धाच्या लांब सूत्रांचा संग्रह, मुखोद्गत होता. आता तो सुटत चालला होता. आधी सूत्रांचा क्रम गेला, मग काही सूत्रंच गेली, आणि आता सकाळी कोण भेटलं ते संध्याकाळी आठवेनासं झालं होतं. चिडचिड मात्र नव्हती. भिक्षापात्र धुवायला घेतलं की ते पात्रच धूत बसत. त्या वेळी त्यांचं मन दुसरीकडे गेलेलं कोणी पाहिलं नाही.

दिवेलागणीला ते विहाराच्या ओसरीत बसत आणि तरुणाला विचारत, "आयुष्मान, तू इथे कसा आलास?"

तरुण सांगे. त्याच्या मनात सल होता, आणि रोज पहिल्यांदाच ऐकणारा श्रोता त्याला मिळाला होता. वर्षावास संपतो त्या दिवशी प्रवारणा असते. प्रत्येक भिक्षू संघापुढे हात जोडून विनंती करतो, की माझा काही दोष कोणी पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका असेल, तर दया करून सांगा. आदल्या वर्षी कोकणात या तरुणाने तशी विनंती केली, तेव्हा एक ज्येष्ठ भिक्षू म्हणाले, "कोठारातलं चीवराचं कापड नाहीसं झालंय. माझी शंका याच्यावर आहे." कापड नंतर सापडलं. पण त्याबद्दल त्याला कोणी चकार शब्दाने काही म्हटलं नाही, आणि तो तिथून निघाला.

"फार लागलं असेल तुला," स्थविर म्हणत. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तीच हकिगत.

ओसरीच्या खालच्या अंगाला एक पाथरवट छिन्न्या शेवटायला बसलेला असे. अजिंठ्याचा काळा पाषाण छिन्नीची धार दिवसभरात खाऊन टाकतो. मग रात्री ती भट्टीत तापवायची, ठोकायची, पाणी पाजायचं आणि सकाळी पुन्हा कामाला लावायची. हात कामात, कान मोकळे. त्यामुळे तरुणाची हकिगत स्थविरांच्या जोडीने तोही रोज ऐकत होता. फरक एवढाच, की त्याच्या ती लक्षात राहत होती.

एका रात्री स्थविर झोपल्यावर पाथरवटाने विचारलं, "भंते, एक विचारू? आमच्या लहानपणी हे थोरले भंते उभे राहून पाठ म्हणायचे, तेव्हा खालच्या घळीपर्यंत ऐकू यायचं. आता त्यांना तुमचं नावही आठवत नाही. मग हे तेच का? का ते गेले, आणि हे कोणी दुसरेच राहिलेत?"

तरुण सरसावून बसला. हा प्रश्न म्हणजे कोशाचा नववा अध्याय. तो म्हणाला, "उपासका, तेही नाहीत आणि दुसरेही नाहीत. तुला वाटतं आत कोणी मालक बसलेला आहे आणि त्याने आठवणी साठवून ठेवल्या आहेत. तसा मालक शोधला तर सापडत नाही. एक चित्त काही पाहतं आणि लगेच मावळतं. पण मावळताना ते पुढच्या चित्ताचं कारण होतं. पुढचं त्याच्या पुढच्याचं. या चालत्या ओळीला आम्ही संतान म्हणतो. पाहिलेल्याचा संस्कार त्या ओळीत बीजरूपाने पुढे जातो. कधीतरी चित्त तिकडे वळतं, पूर्वी पाहिलेल्यासारखं किंवा त्याच्याशी जोडलेलं काही समोर येतं, आणि आजाराने, शोकाने किंवा मन भलतीकडे गेल्याने त्या बीजाची शक्ती अडलेली नसेल, तर आठवण उपजते. थोरल्या भंतेंचं शरीर थकलंय. ती शक्ती अडली आहे, एवढंच."

"मग मी पाहिलेलं तुम्हाला का आठवत नाही? मालक कोणीच नाही तर कोणालाही कोणाचंही आठवायला हरकत नाही."

तरुणाला मनापासून आनंद झाला. न शिकलेल्या माणसाने नेमका तोच आक्षेप घेतला होता, जो वसुबंधूने प्रतिपक्षाच्या तोंडी घालून सोडवला आहे : देवदत्ताने पाहिलेलं यज्ञदत्ताला का आठवत नाही? उत्तर असं, की त्या दोघांच्या चित्तांमध्ये कारण आणि कार्य हे नातं नाही. एकाच संतानात ते असतं, म्हणून तिथे आठवण होते. त्यासाठी वेगळा आत्मा मानावा लागत नाही.

इथे थोडं थांबून सांगितलं पाहिजे, की हा वाद बौद्धांच्या घरातलाही होता. वात्सीपुत्रीय नावाचा एक मोठा पंथ बौद्धच होता आणि तरी 'पुद्गल' नावाचं काहीतरी मानत होता. स्कंधांहून, म्हणजे शरीर-मनाच्या घटकांहून, वेगळं म्हणता येत नाही, तेच आहे असंही म्हणता येत नाही, असं ते काहीतरी. नवव्या अध्यायाचा रोख वैशेषिकांच्या आत्म्यावर आहे, तसाच या पुद्गलावरही आहे. त्यांची अडचण मला समजते. आठवण म्हटली की ती कोणाची तरी असली पाहिजे, असं आपल्याला फार आतून वाटतं. वसुबंधूचा मोठेपणा हा, की त्याने हे वाटणं खोटं म्हणून झटकलं नाही. ते कुठून येतं हे त्याने दाखवलं.

तर पाथरवटाने हे सगळं ऐकून घेतलं. छिन्नीचं लाल टोक पाण्यात बुडवलं आणि तो गप्प राहिला.

लेण्यात तेव्हा डाव्या भिंतीवर महापरिनिर्वाणाचं शिल्प कोरलं जात होतं. सुमारे ७ मीटर लांबीची ती पहुडलेली बुद्धमूर्ती पाहिल्यावर आजही माणूस बोलायचा थांबतो. वर देव, खाली शोक करणारे अनुयायी. एका दुपारी तरुण स्थविरांना हाताला धरून तिथे घेऊन गेला. पाथरवट रडणाऱ्या भिक्षू आनंदाच्या आकृतीवर काम करत होता. बुद्धाची २५ वर्षं सेवा केलेला हा शिष्य. जे ऐकलं ते सगळं त्याला पाठ होतं, म्हणून पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत, म्हणजे भिक्षूंच्या धर्मसभेत, सूत्रं सांगण्याचं काम त्याच्याकडे आलं.

"ज्याला सगळं आठवत होतं, तो एवढा का रडला, भंते?" पाथरवटाने विचारलं.

स्थविर त्या दिवशी स्वच्छ होते. म्हणाले, "आठवत होतं म्हणून नाही रडला. जे आठवतंय ते आपलं आहे, असं त्याला अजून वाटत होतं म्हणून रडला. संगीतीच्या आदल्या रात्रीपर्यंत तो अर्हत झाला नव्हता. पाठ सगळं होतं, तरी."

मग त्यांच्या काय मनात आलं कोण जाणे, ते तिथेच उभ्या उभ्या एक जुनं सूत्र म्हणू लागले. बऱ्याच दिवसांनी एक सूत्र आरंभापासून अखेरपर्यंत न अडखळता आलं. जगात तीन प्रकारची माणसं असतात, असं ते सूत्र आहे. काहींचा राग दगडावर काढलेल्या रेघेसारखा असतो, वाऱ्यापाण्याने लवकर पुसत नाही. काहींचा मातीवरच्या रेघेसारखा, काहींचा पाण्यावरच्या.

पाथरवट ऐकून म्हणाला, "दगडावरच्या रेघेचं मला ठाऊक आहे. पण भंते, राग येऊ देऊ नका, दगडावर काढलेली रेघ आहे तेवढीच राहते. तुमची रोज खोल जातेय."

तरुणाला कळलं नाही.

"तुम्ही आलात त्या आठवड्यात सांगितलंत, की त्या भंतेंनी शंका घेतली तेव्हा पाचसहा जणांनी वळून पाहिलं. आषाढ संपला तेव्हा सगळा संघ वळून पाहत होता. परवा तुम्ही म्हणालात, सगळे हसले. आधी ते हळू बोलले होते. आता ओरडतात. मी रोज ऐकतो, म्हणून म्हणालो."

त्या रात्री तरुण झोपला नाही. डोळे मिटून तो पुन्हा त्या सभेत गेला. कोण कुठे बसलं होतं? तेलाचा दिवा होता की दिवस होता? कोणी हसलं होतं का? हसण्याचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू येत होता. पण पहिल्या दिवशी सांगताना तो आवाज नव्हता, हेही आता त्याला नाकारता येईना. सगळ्यात धक्का बसला तो त्या ज्येष्ठ भिक्षूंच्या आवाजाने. नीट कान देऊन ऐकलं, तेव्हा तो आवाज त्याचा स्वतःचा होता. रोज संध्याकाळी तो ज्या चढ्या सुरात ते वाक्य म्हणून दाखवत होता, तोच सूर.

पाहिलेलं कोणतं आणि सांगितलेलं कोणतं, हे त्याला वेगळं करता येईना. नववा अध्याय त्याला तोंडपाठ होता, आणि त्याचा अर्थ त्या रात्री पहिल्यांदा त्याच्या अंगावर आला.

पहाटे त्याने स्थविरांचे पाय चेपताना हे सगळं सांगितलं. यांना तरी खरं काय ते विचारावं, असं क्षणभर त्याला वाटलं. पण त्यांना कालचंही आठवत नव्हतं.

स्थविर म्हणाले, "आठवण ही ठेवलेली वस्तू परत काढावी तशी निघत नाही, आयुष्मान. दर वेळी नव्याने उपजते. उपजताना सोबत जे चित्त असतं, त्याचा रंग घेऊन उपजते. आणि नुसती उपजून जात नाही, जाताना नवं बीज टाकून जाते. तुझ्या कोशाच्या शेवटी महाळुंगाचा दाखला आहे ना?"

होता. महाळुंगाच्या फुलाला लाखेचा रस लावला, तर पुढे येणाऱ्या फळाचा आतला केसर लाल होतो, असं वसुबंधू म्हणतो. फुलाला लावलेला रंग तो रंग म्हणून टिकत नाही, फूल तर गळून जातं. तरी त्या ओळीत काहीतरी बदललेलं असतं आणि ते फळात दिसतं.

"तू रोज त्या फुलाला रस लावत होतास," स्थविर म्हणाले. "विचारणारा मी होतो, हे खरं. पण रंग तुझा होता."

वसुबंधूचा थोरला भाऊ असंग आणि त्याची योगाचार परंपरा इथून आणखी पुढे गेली. डोळा, कान आणि मनाच्या वरवरच्या जाणिवांखाली आलयविज्ञान नावाची एक खोल जाणीव त्यांनी मानली. सगळी बीजं तिच्यात. बीजातून जाणीव येते, ती जाणीव पुन्हा बीजाला वास लावते, त्याला वासना म्हणायचं. आलय शब्द ऐकून तिला कोठार समजण्याचा मोह होतो, पण तीही क्षणोक्षणी बदलते. तिथे काहीच तसंच्या तसं पडून राहत नाही. मला या विचारातली सगळ्यात कठोर गोष्ट ही वाटते, की यात निव्वळ आठवणं असं काही शिल्लकच राहत नाही. प्रत्येक आठवणं हे एक करणं ठरतं, आणि करण्याचं फळ असतं. 'मालक नाही' म्हटलं की जबाबदारी सुटली, असा आरोप बौद्धांवर तेव्हाही झाला आणि आजही होतो. तो मला पटत नाही. मालक असता तर आठवणीचा दोष तिच्यावर टाकून तो मोकळा झाला असता. इथे ती सोय नाही.

आश्विनी पौर्णिमेला प्रवारणा आली. ज्येष्ठतेच्या क्रमाने सुरुवात होते, म्हणून स्थविर पहिल्या काहींत होते. ते उकिडवे बसले, हात जोडले आणि संघाला विनंती करू लागले. माझा दोष कोणी पाहिला असेल, ऐकला असेल, इथपर्यंत आले आणि थांबले. ज्या माणसाने शेकडो भिक्षूंच्या तोंडी सूत्रं बसवली, त्याला संघापुढे पुढचा शब्द सापडत नव्हता. सभेत कोणी हललं नाही.

मागे बसलेला तरुण पुढे सरकला. पुढचा शब्द त्याच्याइतका कोणालाच ठाऊक नव्हता. हलक्या आवाजात त्याने तो सांगितला : "किंवा शंका असेल." स्थविरांनी तो घेतला आणि विनंती पुरी केली.

त्याची स्वतःची पाळी आली, तेव्हा कोणी दोष सांगितला नाही. मग तोच म्हणाला, "भंते, मी या ओसरीत तीन महिने एका भिक्षूबद्दल बोललो. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून सांगितलं. सांगताना ते मला खरं वाटत होतं. हा दोष आहे का?"

विनयाच्या जाणकार भिक्षूने विचार करून सांगितलं, "खोटं बोलण्याचा हेतू नव्हता, म्हणून नियमभंग नाही. बुद्धाने चेतनेलाच कर्म म्हटलं आहे. पण आयुष्मान, आजपर्यंत तुला ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे."

वर्षावास संपल्यावर तरुण कोकणात गेला. ते ज्येष्ठ भिक्षू भेटले. त्यांना तो प्रसंग आठवत होता, पण त्यांच्या आठवणीत कापड नव्हतं, दिव्याचं तेल होतं. तेल सापडल्यावर आपण याची क्षमा मागितली, असंही त्यांना आठवत होतं. तरुणाला तसं काही आठवत नव्हतं. महिनाभरापूर्वीचा तो असता तर त्याने साक्षी गोळा केले असते. आता त्याने नमस्कार केला, त्यांच्या प्रकृतीची चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी घाट चढायला लागला.

अजिंठ्याला परतल्यावर त्याने एक काम मनावर घेतलं. स्थविरांच्या जवळ बसून सूत्राचा आरंभ म्हणायचा. ते पुढचं म्हणू लागले की थांबायचं. अडले की एक शब्द द्यायचा, एकच. पाथरवटाचा मुलगाही येऊन बसू लागला. दीर्घागम पुरा आला नाही, येणारही नव्हता. पण आदल्या पावसाळ्यात गेली असं सगळे समजत होते, त्यातली काही सूत्रं स्थविरांच्या तोंडून पुन्हा बाहेर पडली आणि दुसऱ्यांच्या तोंडी बसली.

हे जुन्या ग्रंथांना धरूनच आहे. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला यवन राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्या संवादात आठवणीवर एक प्रकरणच आहे. राजाला वाटत होतं, आठवण फक्त आतून येते. नागसेन म्हणतात, तसं असतं तर कारागिरांना शिकण्यासारखं काही उरलं नसतं आणि आचार्य निरुपयोगी ठरले असते. आठवण आतून उठते, तशी दुसऱ्याने जागी केल्यानेही उठते. पाथरवटाच्या मुलाला हे कोणी समजावून सांगावं लागलं नसतं.

वाचकहो, तुमच्या घरात विसरू लागलेलं कोणी असेल, तर एक विनंती आहे. आई असेल, आजोबा असतील, एखाद्या काकू असतील. त्यांना "मी कोण, ओळखा पाहू" असं विचारून परीक्षा घेऊ नका. आपलं नाव आपणच सांगा. त्यांच्या माहितीची ओवी, अभंग, गावाकडची हकिगत यांचा आरंभ आपण करून द्या आणि थांबा. पुढचं आलं तर ऐका, अडलं तर एक शब्द पुरवा. आणि त्यांनी तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला, तर दहाव्यांदा उत्तर देताना आपल्या आवाजात काय मिसळतंय, तेवढं आपण ऐकत राहा.